लोकलमधून पडून मृत्यू : भरपाई मागताना या चुका टाळा

लोकलमधून पडून दगावलेल्या माणसाचे घरचे लोक पहिल्या दोन दिवसांत ज्या कागदांवर न वाचता सह्या करतात, त्याच कागदांवर पुढे कित्येक महिन्यांनी त्यांचा दावा तोलला जातो. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांदरम्यान दारात उभे असलेले प्रवासी खाली पडले तेव्हा सारी मुंबई हळहळली. पण एकटा प्रवासी पडतो तेव्हा बातमीही होत नाही, आणि पुरावा गोळा करण्याचे काम घरच्यांवरच येते.

सर्वात महाग पडणारी चूक लोहमार्ग पोलिसांना दिलेल्या जबाबात होते. घटना पाहिलेलीच नसताना भाऊ किंवा पत्नी ‘रूळ ओलांडत असतील’ असे बोलून जाते आणि ते वाक्य जबाबात उतरते. रेल्वे अधिनियम १९८९ नुसार गाडीतून अपघाताने पडणे भरपाईस पात्र ठरते; रूळ ओलांडताना बसलेली धडक ठरत नाही. म्हणून आपण घटनास्थळी नव्हतो, एवढेच सांगावे. अंदाज सांगू नये, आणि कोणी पढवलेली हकीकतही सांगू नये, कारण ती उलटतपासणीत उघडी पडते. मरणोत्तर पंचनामा, स्टेशन मास्तरचा मेमो (अपघाताची लेखी सूचना) आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती लवकर मिळवून त्यांतील वेळ, किलोमीटर क्रमांक आणि जखमांचे वर्णन परस्परांशी जुळते का, हे पाहावे. विसंगती असल्यास ती त्याच वेळी लेखी कळवून पोच घ्यावी.

दुसरी चूक तिकिटाविषयीची आहे. खिशात पास सापडला नाही म्हणजे दावा संपला, असे अनेकजण धरून चालतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात स्पष्ट केले आहे की, मृतदेहाजवळ तिकीट न सापडणे एवढ्यावरून तो अधिकृत प्रवासी नव्हता असे ठरत नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्राद्वारे संबंधित वस्तुस्थिती मांडली की, पुढे ती खोडून काढण्याचा भार रेल्वेवर येतो. मात्र त्या प्रतिज्ञापत्राला आधार लागतो. जुने पास, पासाचे ओळखपत्र, बँक खात्यातून गेलेली पासाची रक्कम, रोज त्याच गाडीने जाणारा सहप्रवासी, कार्यालयातील हजेरी, हे सारे उपयोगी पडते. मोबाइलवर पास काढला असेल तर तो त्याच क्रमांकाशी जोडलेला असतो, त्यामुळे तेराव्यानंतर घाईने सिमकार्ड बंद करू नये.

‘दारात लटकत होता, चूक त्याचीच’ असे म्हणून काही कुटुंबे अर्जच करत नाहीत. रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४अ खालील भरपाईची जबाबदारी रेल्वेची चूक सिद्ध होण्यावर अवलंबून नाही. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा वा वेडाच्या भरात केलेले कृत्य आणि नैसर्गिक कारण वा आजार हे अपवाद आहेत. चालत्या गाडीत चढता-उतरताना पडणे म्हणजे स्वतः करून घेतलेली इजा नव्हे, हेही रीना देवी प्रकरणाच्या निकालात म्हटले आहे. (गर्दीत दाराबाहेर राहणाऱ्याला दुसरा पर्याय कोणी दिला होता, हा प्रश्न मुंबईकराला वेगळा सांगायला नको.)

मृत्यूची भरपाई १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख रुपये इतकी ठरलेली आहे, म्हणून रेल्वेच्या दाव्यात पगारपत्रकांचा ढीग जोडून फारसे काही साधत नाही. रस्ते अपघातात नेमके उलटे असते. तेथे ३८ वर्षांच्या स्वयंरोजगारी माणसाचे मासिक उत्पन्न ३०,००० रुपये सिद्ध झाले, तर ४० टक्के भावी वाढ धरून, चार अवलंबित असल्यास मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करून आणि उरलेल्या वार्षिक रकमेला वयानुसार ठरलेला १५ चा गुणक लावून ५६ लाख ७० हजार रुपये होतात. उत्पन्न १५,०००च मानले गेले तर रक्कम निम्मी होते. रोखीत कमावणाऱ्यांच्या घरचे येथेच मार खातात. मोटार अपघाताच्या अर्जाची मुदत १ एप्रिल २०२२ पासून सहा महिने आहे, रेल्वेची एक वर्ष. एकीचा हिशेब दुसरीला लावू नये.

पोलीस तपास मिटेपर्यंत किंवा वारस दाखला येईपर्यंत थांबण्यातही वर्ष निघून जाते. हाती आहेत त्या कागदांनिशी रेल्वे दावे न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे अर्ज करावा. उशीर झालाच तर सबळ कारणासह विलंबमाफीचा अर्ज जोडावा. पत्नी व मुलांबरोबर मृतावर अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावेही अर्जात घालावीत, नाहीतर निकालानंतर घरातच वाद उभा राहतो.

शवागाराबाहेर भेटणाऱ्या, ‘मिळतील त्यातले तीस टक्के द्या’ म्हणणाऱ्या दलालाला मूळ कागद देऊ नयेत. निकालाच्या रकमेतील हिस्सा फी म्हणून ठरवणे वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे. स्त्रिया व बालकांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. दावा फेटाळला गेल्यास उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येते. त्यासाठी निकालाची प्रमाणित प्रत लगेच मागावी.