कासवांचा किनारा पुन्हा उघडताना

२०२०च्या दिवाळी पाडव्याला, करोनामुळे बंद असलेली देवळं उघडली आणि दुसऱ्या दिवसापासून मुंबई-पुण्याचे फोन सुरू झाले. यंदा कासवं बघायला येऊ का? नोव्हेंबर सरत आलाय, ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी आता कुठल्याही रात्री वाळूवर चढेल. अंडी घातली की साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, म्हणजे पाहुण्यांना हो म्हणायचं की नाही हे ठरवायला जानेवारीपर्यंत वेळ आहे. तयारीला मात्र आत्ताच लागायला हवं. कोकणातल्या वेळास गावी २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने घरटी राखायला घेतली आणि पुढे किनाऱ्यावरच्या इतर गावांनीही ते काम उचललं. आमचं गाव त्यातलंच एक. करोनाच्या दिवसांत असा किनारा उघडणाऱ्या कुठल्याही गावाला ही यादी उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी माणसं मोजायची, आणि ती किनाऱ्याच्या लांबीवरून नव्हे. किनारा मोठा आहे, वारा मोकळा आहे, तिथे भीती कमीच. पण पाहुणे किनाऱ्यावर पसरून उभे राहत नाहीत. पिल्लांची टोपली वाळूवर कलंडली की सगळे दोरीशी येतात. लॉकडाऊनच्या आधीच्या सकाळी मी हेच पाहिलं होतं. बोटाच्या दोन पेरांएवढं पिल्लू वल्ह्यासारखे पाय मारत पाण्याकडे निघालं होतं आणि दोरीमागे तीन रांगा झाल्या होत्या, एकाची हनुवटी दुसऱ्याच्या खांद्यावर. लाट आली, पिल्लू उलटं मागे आलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदमच "अरे अरे" निघालं. तो क्षण मला आजही सुंदर वाटतो, पण यंदा नेमका तोच टाळायचा आहे. म्हणून साठ फुटांची दोरी धरायची आणि तिच्यामागे दर सहा फुटांवर नारळाचं एकेक सोडण वाळूत पुरायचं. अकरा खुणा होतील. एका खुणेवर एका घरची माणसं, मागे दुसरी रांग नाही. अकरा कुटुंबं झाली की त्या वेळचं बुकिंग बंद. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी सोडतो, तेव्हा उरलेल्यांना दुसरी वेळ द्यायची.

आता घरं. इथेच मन लावून काम करायला हवं, कारण खरा धोका घरात आहे. पाहुणे पडवीत झोपतात, पण माजघरात आजी असते, आणि बहुतेक घरांत न्हाणी एकच. ज्या घरात साठीच्या पुढचं माणूस किंवा दमा-मधुमेहाचा रुग्ण आहे आणि न्हाणी-संडास वेगळा नाही, त्या घरी यंदा पाहुणा नको. हे सांगणं जड जाणार. ३ जूनच्या निसर्ग वादळाने माड-पोफळी आडव्या केल्या, नवी पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं लागतात, आणि मार्चपासून मुंबईच्या मनिऑर्डरीही आटल्या. त्यामुळे त्या घराला "तुम्ही थांबा" म्हणताना दुसरं काम हातात ठेवूनच म्हणायचं. जेवणाचे डबे, भाजी, कोकम-आमसुलं, चादरी धुणं हे सगळं त्यांच्याकडून घ्यायचं आणि प्रत्येक पाहुण्यामागे ठरावीक रक्कम गावाच्या खात्यात टाकून ती वाटून द्यायची. ही वाटणी ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, कागदावर व्हावी. मागाहून तोंडी सांगितलेलं कुणाला पटत नाही.

ज्या घरी पाहुणे येतील तिथे एका वेळी एकच कुटुंब. ते गेलं की एक दिवस दारं-खिडक्या उघड्या टाकायच्या. पंगत अंगणात, खळ्यावर. वाढणारीने मास्क लावायचा, पाहुण्यांनी जेवायला बसेपर्यंत. बुकिंग घेतानाच फोनवर विचारायचं, घरात कुणाला ताप-खोकला आहे का, आणि आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे पूर्ण परत. पैसे बुडणार असतील तर माणूस ताप लपवून येतो. आल्यावर वेशीवरच आशाताई किंवा शिकवलेली दोन मुलं तापमान आणि ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन बघतील. ९४ च्या खाली दिसलं तर पुढे घरात नाही, थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात. त्यासाठी एक गाडी आणि तिचा चालक रात्रीसुद्धा ठरलेला हवा. गणपतीत चाकरमान्यांना वेगळं ठेवायला शाळा उघडून दिली होती, तशी एक खोली यंदाही झाडून ठेवावी.

किनाऱ्यावर फवारणी अजिबात नाही. एप्रिलमध्ये स्पेनच्या काडिस भागातल्या एका गावाने ट्रॅक्टर लावून किनाऱ्यावर ब्लीचचं पाणी मारलं होतं. वाळूतला जीवच त्याने मरतो, आणि आपली तर अंडी त्याच वाळूत आहेत. हायपोक्लोराइट वापरायचं ते संडासाच्या कड्यांना. सॅनिटायझरही वेशीवरच राहू द्यावं. अंडी हाताळणाऱ्याने साबणाने हात धुऊन भरपूर पाण्याने खळबळून घ्यावेत. कापडी मास्क नसेल त्याला गावात शिवलेला विकत द्यावा. वापरून टाकायचे मास्क वाऱ्याने उडून समुद्रात जातात, आणि जाळ्यांत अडकलेली कासवं आपण दरवर्षी सोडवतोच आहोत.

वादळात पडलेले सुरूचे बुंधे अजून काठावर आहेत. ते आधी हलवा. मादी बुंध्याला अडली तर अंडी न घालताच परत फिरते.

कासवमित्रांच्या दोन तुकड्या कराव्यात आणि त्यांनी एकमेकांत मिसळू नये. पहाटेची गस्त घालणारा आजारी पडला तर कोल्ह्या-कुत्र्यांना घरटं सापडायला एक रात्र पुरते. पाहुण्यांशी बोलणारी मुलं तिसरीच असावीत. नोंदवहीत घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या लिहितोच, त्याच वहीत मागच्या पानांपासून पाहुण्यांची नावं, फोन आणि उतरलेलं घर लिहावं.

पुन्हा बंद कधी करायचं हेही उघडण्याआधी लिहून लावावं. पाहुणे उतरलेल्या घरात एक जरी रुग्ण निघाला तर त्या दिवसापासून चौदा दिवस पाहुणे बंद. हॅचरी, म्हणजे अंडी राखायची कुंपणातली जागा, चालूच राहील, पिल्लं कुणी बघायला असो वा नसो, वेळेवर सोडली जातील. वनविभागाला हा कागद आधीच द्यायचा.

बाजारातून दोरी आणणाऱ्याने साठ नाही, सत्तर फूट आणावी. खुंटांना गाठी मारण्यात दहा फूट जातात.