थेंबांना न जुमानणारा काचबिंदू : शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा

काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही, ही गोष्ट तारीख ठरवण्याआधीच घरातल्या सर्वांनी नीट समजून घ्यावी. मोतीबिंदू काढल्यावर लख्ख दिसू लागलेली माणसे गावोगाव आहेत, आणि तीच आशा धरून आलेले नातेवाईक पुढे निराश होऊन तपासणीच सोडून देतात. येथे शस्त्रक्रिया करायची, ती डोळ्यातला दाब उतरवून उरलेली नजर राखण्यासाठी.

आजार अवघड का झाला, हे डॉक्टरांना प्रथम विचारावे. मधुमेहामुळे किंवा पडद्याची रक्तवाहिनी तुंबल्यामुळे डोळ्यात नव्या, नाजूक वाहिन्या उगवल्या असतील, तर आधी डोळ्यातले इंजेक्शन आणि पडद्यावरचे लेसर यांनी त्या सुकवण्याचा प्रयत्न करतात. अन्यथा रक्तस्राव होण्याचा आणि डोळ्यातले पाणी बाहेर पडावे म्हणून शस्त्रक्रियेत केलेली वाट बुजण्याचा धोका वाढतो. मेडिकलमधून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने घातले असल्यास तेही संकोच न करता सांगावे, कारण त्यांनीही दाब वाढतो.

ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही १९६८ पासून रूढ असलेली शस्त्रक्रिया. तीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडपेसारखी वाट करतात आणि व्रण धरू नये म्हणून मायटोमायसिन हे औषध लावतात. ती एकदा फसली असेल, तर बारीक नळी बसवण्याचा विचार होतो. अहमद व्हॉल्व्ह या नळीत झडप असल्याने दाब लगेच उतरू लागतो, म्हणून दाब फार चढलेला असताना तो सोयीचा ठरतो. मदुराईच्या ऑरोलॅबची बिनझडपेची नळी स्वस्त आहे. नळीला जोडलेली, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसणारी तिची चकती ३५० चौ. मि.मी. एवढी मोठी असल्यामुळे पुढे दाब अधिक खाली राहण्याची शक्यता असते. मात्र ही नळी सुरुवातीला दोऱ्याने बांधलेली असते आणि साधारण पाच-सहा आठवड्यांनी उघडते. तोवर दाबाचे थेंब चालूच ठेवावे लागतात, आणि ती उघडताना दाब एकदम खूप उतरू शकतो.

म्हणूनच बीड, धाराशिवकडच्या ऊसतोड कुटुंबांनी कारखान्यावर जाण्याची तारीख डॉक्टरांना आधीच सांगावी. दसऱ्याच्या सुमारास नळी बसवली आणि ती उघडण्याच्या आठवड्यात रुग्ण फडावर असला, तर चांगली झालेली शस्त्रक्रियाही वाया जाऊ शकते. माझ्या मते नळी कोणती, या प्रश्नाइतकाच फेरतपासणीला कोण आणणार, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

नजर जवळजवळ गेलेली असून डोळा ठणकत असेल, तर पाणी तयार करणाऱ्या भागावर डायोड लेसर करतात. ते थोडक्यात आटोपते, पण कधी पुन्हा करावे लागते.

खर्चाबाबत छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या शासकीय किंवा योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी विचारावे.

घरी आल्यावर डोळा चोळू नये, रात्री प्लास्टिकची ढाल बांधावी, आणि सोयाबीन किंवा तुरीच्या मळणीची धूळ, तसेच हापशाचे पाणी डॉक्टर सांगतील तोवर डोळ्यात जाऊ देऊ नये. डोळा लाल झाला, दुखू लागला, चिपडे आली किंवा नजर अंधुक झाली, तर शस्त्रक्रियेला वर्षे उलटली असली तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचाही दाब व डोळ्याची नस एकदा तपासून घ्यावी.