जुन्या पिकअपच्या दाराचं पॅनेल ओरिजिनल आहे का, हे कसं ओळखावं

जुनी अमेरिकन पिकअप नव्यासारखी करायला घेतली की पैसा आधी इंजिनात जातो, मग गंजलेल्या पत्र्यात. दाराच्या आतल्या पॅनेलचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तोवर जुनं पॅनेल बहुधा कचऱ्यात गेलेलं असतं, नाहीतर चुकीचं पॅनेल 'ओरिजिनल' म्हणून जपून ठेवलेलं असतं. दोन्ही चुका टाळता येतात. त्यासाठी एक सवय लावून घ्या: पॅनेल बघण्याआधी गाडी बघा, मग दार बघा, आणि पॅनेलकडे सगळ्यात शेवटी वळा.

या लेखातली उदाहरणं १९६७ ते १९७२ या काळातल्या शेव्हरोले आणि जीएमसी या जनरल मोटर्सच्या दोन ब्रँडच्या पिकअपची आहेत. सी-१० नावाने लोक ओळखतात ती ही पिढी. मी याच गाड्यांवर सगळ्यात जास्त हात चालवला आहे. पद्धत मात्र त्या काळातल्या फोर्ड किंवा डॉजलाही चालते.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. या पिकअप मुळात कामाच्या गाड्या होत्या. शेतकरी, गवंडी, नळकाम करणारे लोक त्या घ्यायचे आणि स्वस्तातलं मॉडेल घ्यायचे. त्या मॉडेलच्या दाराला आतून रेक्झीनचं पॅनेल नसायचंच. रंगवलेला पत्रा, त्यावर दार उघडायचं हँडल आणि काच फिरवायचं हँडल, एवढंच. म्हणजे अनेक गाड्यांच्या बाबतीत ओरिजिनल पॅनेल म्हणजे पत्राच. त्यावर आज सुंदर रेक्झीन दिसत असेल, तर ते नंतर कुणीतरी हौसेने बसवलं असण्याची शक्यता आधी धरा.

पायरी १: गाडीचे कागद आणि आकडे

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कारखान्याने दिलेल्या गाडीच्या नंबराची (व्हीआयएन) पट्टी असते. १९६७ ते १९७१ च्या गाड्यांत पाचवं अक्षर हे वर्षाचा आकडा असतो आणि त्यानंतरचं अक्षर कारखान्याचं. उदाहरणार्थ, 'सीई१४०जे' अशी सुरुवात असेल तर गाडी १९७० ची, व्ही-८ इंजिनाची आणि विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलच्या कारखान्यातली. 'एफ' असेल तर मिशिगनमधलं फ्लिंट. १९७२ मध्ये सुरुवातीला एक अक्षर वाढलं, शेव्हरोलेला 'सी' आणि जीएमसीला 'टी', म्हणून वर्षाचा आकडा एक घर पुढे सरकला.

मग ग्लोव्ह बॉक्सचं झाकण उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला एक छापील कागद चिकटवलेला असतो आणि कारखान्यात गाडीवर काय काय बसवलं त्याचे कोड त्यावर असतात. आपल्या कामाचा कोड म्हणजे झेड-८४. १९६७ मध्ये आलेल्या कस्टम स्पोर्ट ट्रक या वरच्या दर्जाच्या सजावटीचा तो कोड. १९७१ मध्ये 'शायेन' हे नाव आलं आणि त्याच्याही वरचं शायेन सुपर. जीएमसीवर नावं वेगळी: सुपर कस्टम, सिएरा, सिएरा ग्रँडे. कागदावर वरच्या दर्जाचा कोडच नसेल, तर दारावरच्या भरजरी पॅनेलने स्वतःची बाजू सिद्ध करायला हवी.

कागदावरचा गाडीचा नंबर चौकटीवरच्या नंबराशी ताडून पाहायला विसरू नका. ग्लोव्ह बॉक्सचं झाकण दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असणं अगदी नेहमीचं आहे.

पायरी २: दार या गाडीचंच आहे का?

बाहेरून १९६७ ते १९७२ ची दारं जवळजवळ सारखी दिसतात आणि एकमेकांच्या जागी बसतात. ठोकलेल्या गाडीला भंगारातून मिळालेलं दार लावणं हा तेव्हाचा साधा उपाय होता. आतून मात्र फरक कळतो. १९७१ पर्यंतची आतली हँडलं मागे लपलेल्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या क्लिपने धरलेली असतात. १९७२ मध्ये ती स्क्रूने बसवायला लागले. तेव्हा १९६९ च्या गाडीवर स्क्रूची हँडलं दिसली, तर पॅनेलवर वेळ घालवू नका. ते अख्खं दारच १९७२ चं असण्याची शक्यता जास्त. डावं दार एका वर्षाचं आणि उजवं दुसऱ्याच वर्षाचं अशाही गाड्या सापडतात, म्हणून दोन्ही दारं तपासा.

पायरी ३: पॅनेल न मोडता काढा

क्लिपच्या हँडलला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. हँडलमागे एक जुनं फडकं सरकवा आणि दोन्ही टोकं धरून मागेपुढे ओढा, जणू बूट पुसताय. फडक्याचा धागा क्लिपच्या टोकात अडकतो आणि क्लिप सुटते. ती उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा आणि समोर कुणी नको. मग आर्मरेस्ट, मग कडेचे स्क्रू. काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या. प्रत्येक स्क्रू कुठला ते लिहून वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण स्क्रूसुद्धा साक्षीदार आहेत. सगळे एकसारखे, सारख्याच वयाचे असतील तर चांगली खूण. तीन जातींचे पाच स्क्रू निघाले तर पॅनेल निदान एकदा तरी निघालेलं आहे.

आणि अजून काहीही पुसू नका. सिलिकॉनचं पॉलिश किंवा थिनर लावलं की जुन्या रंगाच्या खुणा जातात.

पायरी ४: पॅनेलखालचा पत्रा वाचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या मते निम्म्याहून अधिक निकाल इथेच लागतो.

टॉर्च तिरका धरून रंग बघा. काचेच्या हँडलच्या बुडाशी रंगावर घासून पडलेलं गोल वर्तुळ आहे का? कोपर टेकतं त्या पट्ट्यात रंग पातळ, गुळगुळीत झालाय का? या खुणा पॅनेलखाली असतील, तर तो पत्रा कित्येक वर्षं उघडा होता. पॅनेल नंतर आलं. उलट, पॅनेलने झाकलेला रंग ताजा, उजळ आणि कडेचा उघडा रंग उन्हाने विटलेला असेल, तर पॅनेल तिथे फार जुनं आहे.

मग भोकं. कारखान्यात भोकं पत्रा दाबतानाच पाडली जातात आणि दार त्यानंतर रंगवलं जातं. त्यामुळे भोकाच्या आतल्या कडेवरही रंग असतो. घरी ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड उघडी असते, तिथून गंज धरतो आणि मागून बोट फिरवलं तर खरखरीत कंगोरा लागतो. बोट जपून फिरवा.

खात्री करायची असेल तर मोठा कागद डाव्या दारावर चिकटवा, सगळी भोकं पेन्सिलने उतरवा, कागद उलटा करा आणि उजव्या दारावर लावा. कारखान्याची भोकं आरशातल्यासारखी जुळतात. हाताने पाडलेली अर्धा बोट इकडे, पाव बोट तिकडे असतात.

पॉलिश पेपरने रंगाचे थर घासून बघायचा मोह होईल. कोरडं घासू नका. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ फुफ्फुसात जाते. थर बघायचेच असतील तर एका कोपऱ्यात, पाणी लावून, मास्क घालून.

पायरी ५: आता पॅनेल

ते उलटं करून टेबलावर ठेवा. खरी माहिती पाठीमागे असते. प्लॅस्टिकच्या ओतीव भागावर पार्ट नंबर उमटलेला असू शकतो. जनरल मोटर्सचे त्या काळचे नंबर सात आकडी. तो नंबर त्या वर्षाच्या पार्ट्सच्या पुस्तकाशी जुळवा. मात्र नंबर जुळला म्हणजे पॅनेल याच गाडीचं, असं होत नाही. तोच भाग काउंटरवर सुटाही मिळायचा.

हार्डबोर्डवर रेक्झीन असेल तर खालची कड बघा. दारात पाणी उतरतंच, त्यामुळे जुन्या बोर्डला खाली डाग आणि फुगवटा असतो. पिना चमकदार, बोर्ड कोरा आणि नव्या गोंदाचा वास, म्हणजे काम अलीकडचं. रेक्झीनचा पोत आर्मरेस्टखाली आणि हँडलच्या वॉशरखाली तपासा, कारण तिथे ऊन आणि हात पोचत नाहीत. तिथला रंग गडद आणि बाकीचा विटका, तर पॅनेलने बरीच वर्षं ऊन खाल्लंय. सगळीकडे एकच रंग असेल तर पाठीमागच्या कडेला नखाएवढं खरवडा. खालून वेगळाच रंग निघाला तर वरून स्प्रे मारलेला आहे. पण खरं जुनं पॅनेलही कुणी रंगवलेलं असू शकतं, म्हणून एवढ्यावरच त्याला नकली ठरवू नका.

माझ्याकडच्या १९७० च्या सी-१० चं उदाहरण सांगतो. विकणाऱ्याने कस्टम स्पोर्ट ट्रक म्हणूनच ती दिली होती, बाहेर तशी नावंही लावलेली. ग्लोव्ह बॉक्सच्या कागदावर नंबर जुळला, पण झेड-८४ कुठेच नव्हता. पॅनेल काढलं तर खाली हँडलचं झिजलेलं वर्तुळ आणि कोपराचा पट्टा. कागद उलटा करून लावला तर सहापैकी एकही भोक जुळलं नाही. मला वाईट वाटलं, पैसे जास्त गेले होते. पण त्या झिजलेल्या पट्ट्यावर हात ठेवला तेव्हा वाटलं की पहिल्या मालकाचं कोपर इथेच टेकत असणार.

पायरी ६: ठेवायचं की बदलायचं

ओरिजिनल पॅनेल फाटलेलं असलं तरी टाकू नका. नवं करून घेताना मापाला, पोताला आणि रंगाला त्याच्यासारखा नमुना नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्यानेच धुवा, आणि बोर्ड भिजू देऊ नका. पॅनेल नंतरचं निघालं आणि गाडी साध्या दर्जाची असेल, तर माझा कौल पत्र्याच्या बाजूने आहे: जादा भोकं वेल्डिंगने बुजवा, मागून गंजरोधक लावा आणि वॉशरखाली सापडलेल्या मूळ रंगाशी जुळवून फक्त तेवढाच भाग रंगवा. माझ्या सी-१० ची भोकं बुजवून झाली आहेत. कोपराचा पट्टा मी तसाच ठेवला आहे.