गावातल्या प्लेसेंटरमध्ये पोराला घालायच्या आधी काय बघायचं (न्यूझीलंडला नवीन आलेल्यांसाठी)

डेअरी फार्मवर नोकरी लागून साउथलंड नाहीतर वायकाटोच्या आतल्या गावात आलात की घरात पहिला प्रश्न, पोरांचं काय? ऑकलंडसारखी गल्लोगल्ली डेकेअर इथे नसतात, किंडरगार्टन असलं तरी गाडीने लांब, आणि जवळ असतं ते प्लेसेंटर, जे चालवतात पालक. मुलांकडे बघणं, हिशेब, साफसफाई, सगळं तेच. हे कळलं की आपली माणसं बिचकतात, म्हणजे टीचरच नाही? मग शिकवणार कोण? प्रश्न चुकीचा नाहीये, पण उत्तर प्रत्येक सेंटरचं वेगळं असतं. काही अफलातून चालतात आणि काही नुसती चहा-गप्पांची जागा होऊन बसतात. ओळखायचं कसं ते सांगते.

थोडी पार्श्वभूमी, कारण लोकांना वाटतं ही काहीतरी घरगुती भिशी आहे. प्लेसेंटर १९४१ साली वेलिंग्टनमध्ये सुरू झालं, युद्धाचे दिवस होते, नवरे लांब, आयांना जरा उसंत हवी होती आणि मुलांना सोबत. आज ती लायसन्स असलेली, सरकारी अनुदान मिळणारी व्यवस्था आहे. अभ्यासक्रम बाकी सेंटरांना तोच, 'ते फारिकी' (Te Whāriki) नावाचा, १९९६ चा, २०१७ मध्ये सुधारलेला. पालकांसाठी प्लेसेंटरचे स्वतःचे कोर्स असतात आणि प्रत्येक सेशनला ठरावीक ट्रेनिंग झालेली मोठी माणसं लागतातच. त्यामुळे फोनवरच विचारून टाका, सेशनला कोण कोण असतं आणि त्यांचं ट्रेनिंग कुठवर आलंय. चांगल्या सेंटरला हा प्रश्न खटकत नाही, उलट बरं वाटतं त्यांना.

मग ईआरओचा रिपोर्ट वाचा. ईआरओ म्हणजे शाळा आणि सेंटर तपासणारं सरकारी खातं, रिपोर्ट वेबसाइटवर सगळ्यांना खुले असतात. सुरुवातीचं कौतुक भरभर वाचा, ते बहुतेक ठिकाणी असतंच, थांबायचं ते पुढे काय सुधारा असं लिहिलंय तिथे. मग जुना रिपोर्ट उघडा. तेच वाक्य आधीही असेल तर समजायचं की मीटिंगमध्ये विषय निघतो, माना हलतात आणि पुढे काही होत नाही. रिपोर्ट फार जुना असेल तर मात्र त्यावर अवलंबून राहू नका, कारण पालकांचं सेंटर दोन-तीन वर्षांत पूर्ण बदलतं, ज्यांनी ते चालवलं त्यांची पोरं शाळेत गेली की ती घरंच बाहेर पडतात.

आता प्रत्यक्ष भेट. हीच सगळ्यात महत्त्वाची, आणि एकदा जाऊन भागत नाही, वेगवेगळ्या वारी जा कारण वाराप्रमाणे माणसं बदलतात. भिंतीवरची चित्रं, खेळण्यांची कपाटं हे सगळं बाजूला ठेवा आणि फक्त मोठी माणसं कुठे आहेत ते बघा. साधारण पाच मुलांमागे एक मोठं माणूस असतं, म्हणजे संख्या भरपूर, पण सगळ्या आया किचनच्या ओट्यापाशी कप घेऊन उभ्या आणि वाळूत दोन पोरं एका फावड्यावरून भांडतायत, तर त्या संख्येचा उपयोग काय? चांगल्या सेंटरमध्ये कोणीतरी वाळूत गुडघ्यावर बसलेलं असतं, आणि फावडं हिसकावून निवाडा करत नाही, तुला काय हवंय, त्याला काय हवंय असं बोलत दोघांना बोलतं करतं. आणखी एक बघा, एखादी आई दुसऱ्याच्या मुलाला जवळ घेते का, त्याचं नाक पुसते का, की प्रत्येकजण आपल्याच पोरामागे. मला विचाराल तर पालकांच्या सेंटरची खरी परीक्षा इथेच होते.

शिकवण्याबद्दल. एबीसी गिरवणं, वर्कशीट, होमवर्क असलं काही दिसणार नाही, आणि आजी व्हिडिओ कॉलवर विचारणारच, अजून लिहायला नाही शिकवलं? इथे वाळू, पाणी, रंग, ठोकळे, कणकेसारखा प्ले डो, आणि खरी हातोडी-करवत असलेलं सुतारकामाचं टेबल असतं. घाबरू नका, पण त्या टेबलापाशी मोठं माणूस आहे का ते जरूर बघा. आपल्याला हे अगदी परकं वाटायचं कारण नाही खरं तर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला जे काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं त्यातही भोवतालच्या शंख-शिंपल्या, बिया, पानं हेच साहित्य होतं, आपणच मधे कुठेतरी ते विसरून इंग्लिश मीडियमच्या वह्यांमागे लागलो. असो.

मूल शिकतंय का हे कळायची जागा म्हणजे लर्निंग स्टोरी, म्हणजे मुलाने काय केलं त्याच्या छोट्या लेखी नोंदी, प्रत्येक मुलाच्या फाइलमध्ये असतात. एक-दोन दाखवा म्हणा. 'आज पेंटिंग केलं, खूप मजा आली' एवढंच असेल तर ती नुसती फोटोखालची ओळ झाली. चांगल्या स्टोरीत मुलाने काय करून बघितलं, कुठे अडलं, मग काय केलं, आणि आता आपण पुढे काय मांडून ठेवूया हे येतं, आणि चार महिन्यांनी त्याच धाग्याची पुढची स्टोरी असते. पालक लिहितात म्हणून भाषा साधी असेल, चालतं की. धागा हवा.

काळजीच्या बाबतीत संकोच न करता खोदून विचारा. झोपलेल्या बाळाला दर पाच-दहा मिनिटांनी कोण बघतं, त्याची नोंद कुठे. औषधाची नोंद. कुंपण आणि फाटकाची कडी, बाहेर गाड्या, ट्रॅक्टर, कधी ओढा असतो म्हणून. उन्हाळ्यात टोपी आणि सनस्क्रीन, इथलं ऊन आपल्या उन्हापेक्षा वाईट, ढगाळ असलं तरी भाजतं. भूकंपाचं ड्रिल कधी झालं. आणि खाऊ, इथे घशात अडकण्याबद्दल फार कडक आहेत, शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं डब्यात देऊ नका, चिक्कीसुद्धा घरीच ठेवा. पोळी-भाजी बिनधास्त द्या.

गावातल्या सेंटरचं मोठं दुखणं म्हणजे माणसं कमी. हिवाळा सरता सरता काल्व्हिंग, म्हणजे गाई विण्याचा हंगाम, सुरू झालं की फार्मवरची घरं पहाटेपासून अडकलेली, मग सेशनला लागणारी मोठी माणसं जमत नाहीत आणि सकाळी मेसेज येतो, आज बंद. म्हणून आधीच विचारा की गेल्या सीझनला किती वेळा बंद ठेवावं लागलं, कोणी पगारी माणूस ठेवता का. दुसरं म्हणजे सेक्रेटरी, खजिनदार, साफसफाई सगळं त्याच दोन-तीन बायकांवर असेल तर त्या दमलेल्या असणार, आणि दमलेलं माणूस मुलांकडे काय लक्ष देणार? इथे तुमचाच उपयोग होतो. घातलंत म्हणजे तुम्हीही चालवणारच, त्यामुळे मी फक्त समोसे आणते असं करू नका, एक ठरावीक काम अंगावर घ्या, हिशेब जमत असेल तर हिशेब घ्या. कोर्सला नाव नोंदवा, तो पालकांना फुकट असतो, इंग्लिशची भीती वाटत असली तरी. बाबालोकांनीही यायचं, सकाळचं दूध काढून झाल्यावर तासभर मिळतो आणि ट्रकमध्ये रमणाऱ्या पोरांना ते फार आवडतं. सेशनमध्ये मुलाशी मराठीतच बोला, कोणी नाक मुरडत नाही, तिथे माओरी गाणी आणि जेवणाआधीची प्रार्थना रोजची असते, त्यात आपलं एक बडबडगीत सहज मावतं.

काही खटकलं तर कुजबुज न करता मीटिंगच्या विषयांत लेखी घाला, गाव छोटं आहे, कोपऱ्यात बोललेलं दुकानापर्यंत आधी पोचतं. तरीही ऐकलं नाही तर तक्रार कशी करायची ते भिंतीवर लावलेलं असतं, प्लेसेंटरच्या वरच्या लोकांकडे किंवा सरकारकडे जाता येतं.

आणि चौथा वाढदिवस झाला की शाळेचं बघायला लागा. इथे मुलं बहुतेक पाचव्या वाढदिवसाच्या आसपास शाळेत जातात, त्याआधी चार वर्षांचं झाल्यावर ऐकणं, दिसणं, दात, वाढ याची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका, आणि शाळेच्या भेटी सेंटरमधल्या दुसऱ्या एखाद्या मुलासोबत ठरवता आल्या तर बघा.