जुन्या पिकअपचं स्टेअरिंग ढिलं झालंय? आधी प्ले नेमका कुठंय ते शोधा

जुनी पिकअप चालवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे होतंच. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टेअरिंग सारखं डावीकडे उजवीकडे करत राहावं लागतं, हातात पोकळ लागतं, आणि मग कुणीतरी सांगतं की स्टेअरिंग बॉक्सवरचा, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या दात्यांच्या पेटीवरचा, स्क्रू जरा टाइट कर, झालं काम. कृपा करून आधी तो स्क्रू पिळू नका! का ते पुढे सांगतो.

पहिल्यांदा तक्रार नक्की काय आहे ते ठरवा, कारण तीन वेगळ्या गोष्टींना आपण सरसकट ढिलं स्टेअरिंग म्हणतो. स्टेअरिंग थोडं फिरवलं तरी चाक हलतच नाही, हा खरा प्ले. चाक लगेच हलतं पण गाडी एका बाजूला ओढते किंवा भरकटते, तर बऱ्याचदा टायरची हवा, झिजलेले टायर नाहीतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. आणि ठराविक स्पीडला स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग बघा. हवा तर सगळ्यात आधी चेक करा, पाच मिनिटांचं काम आहे आणि कमी हवेचा टायर अगदी झिजलेल्या जॉइंटसारखाच फील देतो.

आता खरा प्ले असेल तर. गाडी सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकूड लावलेलं. जॅक लावायचा नाही, कारण चाकावर वजन असतानाच जॉइंटवर खरा जोर येतो. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा, आणि मग पंख्या-बेल्टपासून हात आणि सैल कपडे लांब. एका माणसाला सीटवर बसवा आणि सांगा की स्टेअरिंग हळूहळू थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहा, पूर्ण फिरवायचं नाही, फक्त चाकं जेमतेम हलतील एवढंच. सोळा इंची स्टेअरिंगला कडेवर मोजून दोन इंचाच्या आसपास पोकळ जात असेल तर गाडी रस्त्यावर काढू नका, आधी हे काम करा.

तुम्ही खाली बघायचं, आणि बघायचं वरून खाली, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकाकडे. हालचाल एका पार्टकडून दुसऱ्याकडे जाते, ती जिथे हरवते तिथे तुमचा प्ले. सगळी युक्ती एवढीच आहे, पण लोक मधूनच कुठूनतरी सुरू करतात आणि जो जॉइंट आधी दिसेल तो बदलून मोकळे होतात.

सुरुवात कॉलमच्या (स्टेअरिंगखालचा दांडा) खाली, शाफ्ट जिथे बॉक्सला जोडलाय तिथे. बऱ्याच जुन्या गाड्यांना तिथे रबर-कापडाची जाड चकती असते, काहींना क्रॉस, म्हणजे चार टोकांचा सांधा असतो. वरचा शाफ्ट फिरतो आणि खालचा उशिरा फिरतो असं दिसलं तर चकती फाटलीय नाहीतर क्रॉस गेलाय. हे बघायला लोक विसरतात.

मग स्टेअरिंग बॉक्स, पण आत नाही, आधी बाहेरून. तो चेसिसला ज्या बोल्टनी धरलाय तिथे हात ठेवा. मी एकदा दोन्ही टाय रॉड एंड (चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचे जॉइंट) बदलले, पैसे गेले, वेळ गेला आणि स्टेअरिंग होतं तसंच, शेवटी लक्ष गेलं की बॉक्सच चेसिसवर मिलिमीटरभर सरकतोय. बोल्टच्या वॉशरभोवती मातीचा थर मोडून चकचकीत गोल रेघ पडलेली होती, बाजूला बारीक लाल गंजाची पूड. अशी रेघ दिसली की समजा तिथे धातूवर धातू घासतोय. बोल्ट काढून भोकं आणि आजूबाजूचा चेसिस नीट साफ करून बघा, तिथे भेग असेल तर नुसते बोल्ट टाइट करून भागणार नाही, चेसिसचं काम जाणकाराकडून करून घ्यावं लागेल.

बॉक्स घट्ट असेल तर बॉक्समध्ये जाणारा शाफ्ट आणि बाहेर आलेला पिटमन आर्म (बॉक्समधून हालचाल पुढच्या दांड्यांना देणारा हात) एकाच वेळी बघा. शाफ्ट फिरतोय आणि पिटमन थांबलाय तर प्ले बॉक्सच्या आत. आणि तो स्क्रू इथेच कामाचा. पण गोष्ट अशी की गाडी जास्त वेळ सरळच चालते, म्हणून आतले दाते मधल्या जागेवर जास्त झिजतात, आणि तुम्ही मधला प्ले पूर्ण जाईपर्यंत स्क्रू पिळला की वळणावर, जिथे झीज कमी आहे, तिथे स्टेअरिंग जड होतं किंवा अडकतं आणि वळण संपल्यावर आपोआप सरळ येत नाही. हे ढिल्या स्टेअरिंगपेक्षा वाईट! करायचंच असेल तर चाकं सरळ ठेवून, लॉकनट सैल करून, एका वेळी एक अष्टमांश फेरा, लॉकनट परत टाइट, आणि दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. कुठेही जड लागलं तर मागे घ्या. तेवढ्यानं भागत नसेल तर बॉक्स ओव्हरहॉल किंवा बदली.

त्यापुढे लिंकेज, म्हणजे पिटमनपासून चाकांपर्यंतचे दांडे आणि जॉइंट. प्रत्येक जॉइंटवर पंजा असा ठेवा की बोटं दोन्ही भागांवर येतील, मग डोळ्याला दिसत नाही ते हाताला कळतं, बारीकशी टक् लागते. ड्रॅग लिंक (पिटमनला जोडलेला दांडा), टाय रॉड एंड, आणि आयडलर आर्म (पिटमनच्या समोरच्या बाजूचा आधाराचा हात) असेल तर तो नीट बघा, वरखाली हलत असेल तर गेलाय. रबर बूट फाटून ग्रीस वाळलेलं असेल त्या जॉइंटवर जास्त संशय घ्या. सॉलिड ॲक्सलला पॅनहार्ड रॉड (ॲक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) असेल तर त्याचे बुश, आणि पाटे असतील तर पाट्यांचे बुश, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी), यू-बोल्टसुद्धा, कारण ॲक्सलच आडवा सरकला तर स्टेअरिंग कितीही घट्ट असून उपयोग नाही.

एवढं झाल्यावरच जॅक, आणि त्याखाली स्टँड, नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका. चाक वरखाली धरून हलवा, हललं तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ते सांधे), नाहीतर व्हील बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा, प्ले गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन. खालच्या आर्मवर स्प्रिंग असेल तर जॅक त्या आर्मखालीच लावा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबात प्ले लपतो.

टाय रॉड काढताना आधी किती आटे आहेत ते मोजून ठेवा, पण नवीन बसवल्यावर अलाइनमेंट करूनच घ्या, टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल) बिघडला की नवे टायरसुद्धा भरभर झिजतात. जॉइंटच्या कॅसल नटची (खाचा असलेला नट) खाच बोल्टच्या भोकाशी जुळत नसेल आणि कॉटर पिन जात नसेल तर नट अजून थोडा टाइट करून जुळवा, सैल करून कधीच नाही, आणि जुनी पिन सरळ करून परत वापरू नका.