उलथापालथीच्या वर्षातल्या वाचनाचा ताळेबंद

बदली झाली, घर बदललं, बाळ आलं, घरातलं कुणी आजारी पडलं किंवा गेलं, अशा वर्षाच्या शेवटी बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य असतं: यंदा वाचन झालंच नाही. ते सहसा खरं नसतं. वाचन तुकड्यातुकड्यांनी झालेलं असतं, नेहमीच्या खुर्चीऐवजी दवाखान्याच्या बाकावर किंवा गाडीत झालेलं असतं, म्हणून ते आठवत नाही. त्याचा हिशोब मांडायचा तर पुस्तकांच्या यादीपासून सुरुवात करू नका. आधी वर्षाचे टप्पे पाडा आणि मग पुस्तकं त्या टप्प्यांत बसवा. हा क्रम उलटा झाला की हाती फक्त एक आकडा उरतो आणि तो आकडा नुसता खट्टू करतो.

लागणारं सामान थोडं आहे: शंभर पानी वही, पेन, फोन आणि भिंतीवरचं सरत्या वर्षाचं कॅलेंडर. दोन संध्याकाळी काढा, प्रत्येकी दीड-दोन तास, आणि मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. विसरलेली पुस्तकं नेमकी त्या मधल्या दिवसांत आठवतात.

वर्ष कुठून कुठपर्यंत धरायचं

जानेवारी ते डिसेंबर धरायला हरकत नाही, पण दिवाळी अंक वाचणाऱ्याला ते गैरसोयीचं जातं. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरी येतात आणि पुरे होईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. ३१ डिसेंबरला रेघ मारली की अर्धा अंक एका वर्षात, अर्धा दुसऱ्या. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाच्या वर्षाला दिवाळी हा एक सांधा मिळाला आहे, तोच वापरावा. फक्त दोन वर्षांची तुलना करताना जपा. अधिक मास आला की दिवाळी ते दिवाळी हे अंतर वाढतं. २०२२ ते २०२३ या लक्ष्मीपूजनांमध्ये ३८४ दिवस होते, पुढच्या खेपेला ३५५. महिनाभराचा फरक वाचनाच्या आकड्यात उतरतोच.

टप्पे पाडणं

कॅलेंडर यासाठीच टाकून देऊ नये. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, डॉक्टरांकडची फेरी, लसीची तारीख, पाहुणे कधी आले-गेले, हे सगळं आपण त्यावरच लिहिलेलं असतं. ते चाळत जा आणि जिथे रोजची वेळ बदलली तिथे खूण करा. घटनेचा दिवस आणि वेळापत्रक बदलल्याचा दिवस बरेचदा वेगळे असतात. बदलीचा आदेश मार्चमध्ये आला, पण रोजचा दीड तासाचा प्रवास जूनमध्ये सुरू झाला, तर वाचनाच्या दृष्टीने टप्पा जूनला पडतो.

तीन ते पाच टप्पे पुरे. सहाच्या वर गेलात तर ती रोजनिशी होते आणि एकाही टप्प्याचं चित्र उभं राहत नाही. प्रत्येक टप्प्याला वहीचं जोडपान द्या: डावीकडे त्या काळात दिवस कसा जायचा ते चार-पाच ओळींत, उजवीकडे पुस्तकं.

पुस्तकं गोळा करणं

नुसत्या आठवणीवर विसंबलं की अलीकडची आणि आवडलेली पुस्तकंच येतात. म्हणून पुरावे शोधा. वाचनालयातल्या पुस्तकावरची तारखेची चिठ्ठी पुस्तकाबरोबर परत गेलेली असते, पण तुमच्या खात्यावरची देवघेव तिथल्या नोंदवहीत किंवा संगणकावर असू शकते. गर्दी नसताना जाऊन विचारा. फोनवरून दिलेल्या पैशांच्या नोंदींत पुस्तकाच्या दुकानाचं नाव शोधा. फोटो चाळा, आवडलेल्या पानाचे फोटो आपण काढून ठेवतो आणि त्यांवर तारीख असते. किंडलवर अधोरेखित केलेल्या ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये तारखेसकट साठलेल्या असतात. ऐकायच्या पुस्तकांच्या अॅपमध्ये ऐकून झालेल्यांची यादी मिळते.

सगळ्यांत खात्रीचा पुरावा मात्र पुस्तकांच्या आत सापडतो. एसटीचं तिकीट, औषधांची पावती, लग्नपत्रिकेचा तुकडा, खूण म्हणून जे हाताला लागलं ते तिथे असतं. तिकिटाच्या तारखेवरून टप्पा कळतो आणि ते कोणत्या पानावर आहे त्यावरून वाचन कुठे थांबलं तेही कळतं. चिठोरं काढण्याआधी पानाचा आकडा वहीत उतरवून घ्या.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे खरेदीची तारीख हीच वाचनाची तारीख समजणं. घर बदलताना तर पुस्तकं महिना-दोन महिने खोक्यांत असतात. त्या काळातल्या खरेदीपुढे ‘खोक्यात’ असं लिहून ठेवा आणि वाचल्याचा दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय ती मोजू नका.

पुस्तकामागे या नोंदी पुरतात: नाव, लेखक, कुठून मिळालं (विकत, वाचनालय, उसनं), कागदावर वाचलं की पडद्यावर की ऐकलं, कुठे आणि कोणत्या वेळी, कितव्या पानापर्यंत. शेवटी पुस्तक न उघडता एक ओळ: त्यातलं काय आठवतं. या ओळीला दोन मिनिटांहून जास्त देऊ नका. काही आठवलं नाही तर जागा कोरी राहू द्या, मागाहून मलपृष्ठ वाचून भरू नका. एका टप्प्यातल्या पाचपैकी चार ओळी कोऱ्या निघाल्या तर त्या काळात डोळे पानावर होते आणि मन दुसरीकडे, एवढं नक्की कळतं. ही माहिती मोलाची आहे.

लहान मुलाला वाचून दाखवलेली पुस्तकंही धरा. एकदाच मोजा, पण किती वेळा वाचावं लागलं ते शेजारी लिहा. चाळीसदा मोठ्याने वाचलेलं सोळा पानी पुस्तकही त्या वर्षाचं खरं वाचन आहे.

मोजणं

पुस्तकांची संख्या फसवी असते, कारण ८० पानांचा कवितासंग्रह आणि ६०० पानांची कादंबरी दोन्ही ‘एक’. पानं मोजणं बरं, पण सगळी पानं सारखी नसतात. सलग मजकूर असलेल्या पानावरच्या १० ओळींतले शब्द मोजा, १०ने भागा, पानावरच्या ओळींनी गुणा. पुस्तकात १० ओळींत ९२ शब्द आणि पानावर ३० ओळी असतील तर पानाला २७६ शब्द झाले. दोन रकान्यांच्या दिवाळी अंकात एका रकान्याच्या १० ओळींत ५५ शब्द आणि रकान्यात ४० ओळी असतील तर पानाला ४४०. म्हणजे त्या अंकाचं एक पान पुस्तकाच्या दीड पानाहून थोडं जास्तच. जाहिरातींची पानं वजा करा. कवितेला हे गणित लावू नका, आणि ऐकलेल्या पुस्तकांचे तास वेगळेच ठेवा.

आता टप्प्यांकडे वळा. समजा ३५५ दिवसांचं वर्ष असं पडलं: दिवाळीपासून बदलीपर्यंत ११० दिवस, १,३२० पानं, सामान हलवून घर लावेपर्यंत ४५ दिवस, ९० पानं, नव्या गावात रेल्वेने ये-जा १२० दिवस, १,८०० पानं, मग घरातलं आजारपण ८० दिवस, २४० पानं. एकूण ३,४५०, म्हणजे दिवसाला पावणेदहाच्या आसपास. पण नेमकं या सरासरीएवढं वाचन एकाही टप्प्यात झालेलं नाही. खरे आकडे १२, २, १५ आणि ३ आहेत. बदलीने वाचन बुडालं असं वाटत होतं, तर प्रवासानेच ते वाढवलं. नवी नोकरी घराजवळ आली की ते १५ खाली येणार, हेही यातून आधीच कळतं.

अर्धवट राहिलेली पुस्तकं

या भागावर घाई करू नका. पुस्तक सुटण्याची तीन वेगळी कारणं असतात: वेळ गेला, पुस्तक रुचलं नाही, किंवा त्या दिवसांत ते सोसवलं नाही. प्रत्येक अर्धवट पुस्तकापुढे यातलं एक लिहा. वेळेमुळे सुटलेलं पुन्हा सुरुवातीपासून धरण्याऐवजी खुणेच्या पंधरा-वीस पानं आधीपासून वाचा. न रुचलेलं देऊन टाका. न सोसवलेलं कपाटात राहू द्या आणि त्याला पुढची तारीख देऊ नका.

सुटलेल्या पुस्तकांचा प्रकार पाहिला की टप्प्याचा स्वभाव कळतो. रुग्णाजवळ बसलेल्याला वाचायला मिळतात ती दहा-पंधरा मिनिटं, तीही मधेच तुटणारी. पुष्कळ पात्रांची कादंबरी तिथे टिकत नाही, कारण दर वेळी कोण कुणाचं ते नव्याने जुळवावं लागतं. ललित लेख, लघुकथा, पत्रं, पूर्वी वाचलेलं पुस्तक हे टिकतं. बाळ मांडीवर असेल तेव्हा एका हातात मावणारं पातळ पुस्तक किंवा पडदाच चालतो. जाड बांधणीचं पुस्तक एका हाताने उघडं राहत नाही. यावरून पुढच्या वर्षासाठी ‘पन्नास पुस्तकं’ असा संकल्प न लिहिता तजवीज लिहा: दवाखान्याच्या पिशवीत कोणतं, प्रवासात कोणतं, रात्री झोप उडाली तर कोणतं.

गाव सोडलं असेल तर जुन्या वाचनालयाचा हिशोब याच बैठकीत मिटवा: राहिलेली पुस्तकं परत करा आणि अनामतीची पावती शोधा. परदेशी गेलेल्यांनी कोणती पुस्तकं विमानाच्या सामानात नेली आणि त्यांतली किती उघडली, हे जरूर लिहावं. पुढच्या खेपेला वजन वाचतं. मराठी विश्वकोश आणि ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं तर तिथूनही फुकट वाचता येतात.

घरातलं माणूस गेलं असेल तर

त्या टप्प्यातल्या पुस्तकांना गुण देऊ नका, चांगलं-वाईट ठरवू नका. नाव आणि जागा लिहिली तरी पुरे. त्या काळात काहीच वाचलं नसेल तर ते जोडपान तसंच ठेवा, फाडू नका.

गेलेल्या माणसाची पुस्तकं आवरताना त्यांच्या खुणा आधी टिपून घ्या: कोणत्या पानावर कागद होता, कोणत्या ओळीखाली पेन्सिल होती. खूण हलवू नका. त्यांचं शेवटचं वाचन तुमच्या वहीत, त्याच टप्प्यात, त्यांच्या नावाने लिहा. त्यांचं वाचनालयाचं कार्ड असेल तर घरी राहिलेली पुस्तकं परत करा, पण कार्ड जमा करण्याआधी त्यांच्या खात्यावरची वर्षभराची देवघेव उतरवून मागा. खातं बंद झाल्यावर ती यादी मिळेलच असं नाही.