रँडम शुगरचा आकडा वाचताना या चुका टाळा

रँडम शुगर म्हणजे शेवटचे खाणे कधी झाले याची अट न घालता, दिवसाच्या कोणत्याही वेळी मोजलेली रक्तातील साखर. तपासणीला वेळेचे बंधन नाही, म्हणून आकडा वाचतानाही वेळ पाहण्याची गरज नाही, असा समज होतो आणि पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात. जेवून पाऊण तासाने आलेले १६० आणि सहा तास काही न खाता आलेले १६० कागदावर सारखेच दिसतात. पण पहिला आकडा मधुमेह नसलेल्या माणसातही येऊ शकतो, तर दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नसते. म्हणून आकड्याशेजारी रक्त घेतल्याची वेळ आणि शेवटच्या खाण्याची वेळ लिहून ठेवावी.

रँडमचा रिपोर्ट उपाशीपोटीच्या मर्यादांशी ताडून पाहणे ही चूक तर सर्रास होते. उपाशीपोटीची तपासणी किमान ८ तास काही न खाता करतात आणि तिथे १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी साखर सामान्य, तर १२६ किंवा अधिक ही मधुमेहाच्या कक्षेतील मानतात. रँडममध्ये १३० आले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. रँडम २०० किंवा त्याहून अधिक असेल आणि सोबत अतिशय तहान, वारंवार लघवी, कारण नसताना वजन घटणे अशी लक्षणे असतील, तर मधुमेहाचे निदान करता येते. लक्षणे नसतील तर उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून खात्री करावी लागते. तीव्र संसर्ग, शस्त्रक्रिया किंवा स्टिरॉइडची औषधे यांनीही साखर तात्पुरती वर जाते, त्यामुळे आजारपणातला आकडा बरे झाल्यावर पुन्हा तपासलेला बरा.

माझ्या मते याच्या उलटी चूक अधिक घातक आहे. रँडम ११० आली, म्हणजे मधुमेह नाही, असे म्हणून लोक निर्धास्त होतात. सुरुवातीच्या मधुमेहात दिवसातील कित्येक तास साखर सामान्य मर्यादेत राहू शकते, त्यामुळे एकट्या रँडमवरून मधुमेह नाही असे ठरवता येत नाही. आधीच गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने तर एका चांगल्या आकड्यावरून औषध स्वतःहून बंद करू नये. तो आकडा बहुधा त्या औषधामुळेच आलेला असतो.

घरच्या ग्लुकोमीटरवर अनपेक्षित आकडा आला, तर आधी बोटाकडे पाहावे. फळ सोलून हात न धुता बोट टोचले, तर त्वचेवरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि साखर प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त दिसते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. स्पिरिट लावले असेल तर ते वाळू द्यावे. थेंब येत नाही म्हणून बोट जोरात पिळू नये, हात खाली सोडून हलकेच चोळावा. स्ट्रिपची मुदत पाहावी आणि डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे, कारण दमट हवेने स्ट्रिप बिघडतात. त्यानंतर नव्या स्ट्रिपने दुसऱ्या बोटावर पुन्हा मोजावे. ग्लुकोमीटर आणि प्रयोगशाळेच्या आकड्यांत सुमारे १५ टक्क्यांचा फरक हा यंत्राचा दोष नव्हे. मात्र रक्तक्षय असल्यास काही मीटर आकडा खोटा वाढवून दाखवतात. मधुमेहाचे निदान ग्लुकोमीटरवर करू नये, ते प्रयोगशाळेतच व्हावे.

प्रयोगशाळेतही चूक होऊ शकते. नळीतल्या रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि साध्या नळीतले रक्त तसेच पडून राहिले, तर साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. पेशींचा हा साखरवापर रोखण्यासाठी फ्लोराइड घातलेल्या नळीतही पहिल्या तासा-दोन तासांत थोडी घट होतेच. घरून नमुना दिला असेल, तर तो किती वेळात पोहोचला हे विचारायला संकोच करू नये. रिपोर्टवर मिलिमोल हे एकक असेल, तर आकड्याला १८ ने गुणावे, ११.१ म्हणजेच २००.

साखर ७० च्या खाली असून घाम, थरथर, गोंधळ जाणवत असेल, तर पुन्हा पुन्हा मोजण्यात वेळ घालवू नये. गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी तपासावे. आकडा खूप वर असून ओकाऱ्या, खोल व जलद श्वास किंवा गुंगी असेल, तर दुसरी स्ट्रिप शोधत न बसता रुग्णालय गाठावे.